झोपेचं सोंग घेतलेला लॅपटॉप

झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं आपल्याकडे म्हणतात. गेल्या दिवाळीत या म्हणीचा प्रत्यय मला चक्क एका लॅपटॉपने दिला. जाता जाता माझा पोपटही केला.

झालं असं. आमचे बाबा वीज मंडळात लागले आणि महावितरणमधून रिटायर झाले (मधे २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या, बाबांचं टेबल मात्र तेच राहिलं). आता साताऱ्याला असतात. सोसायटीचा हिशोब, पेन्शनरांच्या संघटनेची पत्रं आणि संध्याकाळी यूट्यूबवर नाट्यसंगीत, एवढ्यासाठी त्यांना मी २०२१ मध्ये एक लॅपटॉप घेऊन दिला होता. जूनमध्ये त्यांचा फोन आला. "अरे, रात्री ऐंशी टक्के असताना झाकण मिटतो आणि सकाळी बघतो तर दहा. हे काय आहे?"

मी तेव्हा एका कॉलमधून बाहेर पडून दुसऱ्या कॉलमध्ये शिरत होतो. एका क्षणात निदान केलं. "बाबा, बॅटरी गेली. चार वर्षं झाली ना, बदलून टाका."

बाबांनी पाच हजार दोनशे रुपये देऊन बॅटरी बदलली. मी विषय विसरलो.

दिवाळीला घरी गेलो, तर टेबलावर लॅपटॉपशेजारी एक शंभर पानी वही. आत रकाने आखलेले. तारीख, झाकण मिटल्याची वेळ, टक्के, सकाळची वेळ, टक्के, आणि शेवटी 'शेरा'. एकोणीस रात्रींची रीडिंग! नवीन बॅटरी टाकूनही तोच प्रकार चालू होता आणि बाबांनी मला सांगितलंच नव्हतं. का, विचारलं तर म्हणाले, "तू म्हणालास बॅटरी, म्हणजे बॅटरीच असणार. नवीन पण खराब निघाली असेल म्हटलं. तुला कशाला परत त्रास?"

हे ऐकून फराळाचा घास घशात अडकला. माझ्या शब्दावर त्या माणसाने पाच हजार घातले, आणि शब्द खोटा ठरल्यावर दोष बॅटरीला दिला, मला नाही.

वही हातात घेतली. पहिल्या पाच मिनिटांतच कळलं की मी जूनमध्ये किती मूर्खपणा केला होता. एकोणीसपैकी सोळा रात्री बॅटरी साठ-सत्तर टक्क्यांनी उतरलेली. आणि तीन रात्री फक्त चार टक्क्यांनी. आता विचार करा, बॅटरी खराब असेल तर ती रोजच खराब असेल ना? सोळा रात्री खराब आणि तीन रात्री ठणठणीत, अशी बॅटरी नसते. बाबांचं म्हणणं एका वाक्यात होतं, "लोड असल्याशिवाय युनिट पडत नाहीत. आत काहीतरी चालू आहे."

मग दोघांनी मिळून गणित मांडलं. बॅटरी ४२ वॅट-अवरची. एका रात्री दहा तासांत ६९ टक्के गेले, म्हणजे जवळजवळ २९ वॅट-अवर. भागिले दहा, म्हणजे २.९ वॅट. चांगल्या रात्री चार टक्के, म्हणजे १.७ वॅट-अवर, म्हणजे ०.१७ वॅट. फरक सतरा पटींचा! बाबा म्हणाले, "०.१७ वर झोपलाय असं म्हणेन. २.९ वर हा डोळे मिटून पडलाय नुसता."

आता खरी गंमत. त्या तीन चांगल्या रात्रींच्या शेऱ्यात एकच मजकूर होता: 'लाईट नव्हती'. परतीच्या पावसात रात्रभर वीज गेली होती, आणि वीज मंडळातला माणूस लाईट गेल्याची नोंद करणार नाही असं होऊच शकत नाही. पण लॅपटॉप तर रोजच बॅटरीवर असायचा (रात्रभर चार्जिंगला काही ठेवायचं नाही हा घरचा नियम). मग घरातली लाईट गेल्याचा त्याच्या झोपेशी काय संबंध?

उत्तर सांगतो. पण त्याआधी लॅपटॉपच्या झोपेचा इतिहास सांगावा लागेल. पुढचे दोन शनिवार मी तोच वाचत बसलो होतो.

*

मुळात झोपलेल्या लॅपटॉपला वीज लागतेच कशाला? याचं उत्तर १९६८ पर्यंत मागे जातं. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना त्या वर्षी डीरॅमचं पेटंट मिळालं. आयडिया भन्नाट साधी: एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक चिमुकला कपॅसिटर. भरलेला असला तर एक, रिकामा असला तर शून्य. स्वस्त आणि आटोपशीर. पण हा कपॅसिटर म्हणजे भोक पडलेली बादली. पाणी सतत गळतं, म्हणून ते परत परत भरावं लागतं. नेहमीच्या रॅममध्ये प्रत्येक ओळ साधारण ६४ मिलिसेकंदांत एकदा भरून घ्यावी लागते. म्हणजे तुम्ही उघडी ठेवलेली एक्सेल शीट सकाळी जशीच्या तशी हवी असेल, तर रात्रभर कोणीतरी बादल्या भरत बसायला हवं. झोपेचा कमीत कमी खर्च तो एवढाच. बाकी सगळं बंद ठेवता येतं.

अ‍ॅपलने सप्टेंबर १९८९ मध्ये मॅकिंटॉश पोर्टेबल आणला तेव्हा ही गोष्ट त्यांच्या इंजिनीअरांच्या डोक्यात पक्की होती. त्यांनी डीरॅम वापरलाच नाही, महागडा स्टॅटिक रॅम घातला, ज्याला बादल्या भराव्या लागत नाहीत. मशीन झोपायचं आणि खरंच झोपायचं. वजन मात्र सात किलोच्या वर, कारण आत लेड-अ‍ॅसिड बॅटरी होती, आपल्या इन्व्हर्टरला असते त्या जातीची. (हे बाबांना सांगितल्यावर त्यांना त्या मशीनबद्दल एकदम आदर वाटायला लागला.)

पीसीच्या दुनियेत ऑक्टोबर १९९० मध्ये इंटेलने लॅपटॉपसाठी ३८६एसएल हा प्रोसेसर काढला. त्यात एक गुप्त दरवाजा होता, 'सिस्टिम मॅनेजमेंट मोड'. ऑपरेटिंग सिस्टिमला पत्ताही न लागू देता बायॉस मधेच ताबा घ्यायचा, डिस्क थांबव, स्क्रीन विझव अशी कामं करायचा आणि परत जायचा. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने मिळून एपीएम नावाचं मानक आणलं. त्यात ऑपरेटिंग सिस्टिमला थोडी विचारपूस व्हायची, पण मालक बायॉसच.

यातली अडचण आपण सगळ्यांनी ऑफिसात पाहिली असेल. ज्याच्याकडे अधिकार त्याला माहिती नाही, ज्याच्याकडे माहिती त्याला अधिकार नाही. बायॉसला एवढंच दिसायचं की बराच वेळ कीबोर्डला कोणी हात लावलेला नाही. माणूस निघून गेलाय की प्रेझेंटेशन देतोय, हे त्याला कुठून कळणार?

म्हणून डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय आणलं. बायॉसने फक्त माहितीचे तक्ते द्यायचे, या मशीनमध्ये काय काय आहे आणि कसं बंद करायचं ते लिहून. निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमचा. झोपेच्या पायऱ्याही ठरल्या. एस-० म्हणजे जागा. एस-१ ते एस-३ झोप, आकडा वाढेल तशी गाढ. एस-४ म्हणजे हायबरनेट, रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून वीज पूर्ण बंद. एस-५ म्हणजे शटडाऊन.

यातली एस-३ ही आपली लाडकी झोप. प्रोसेसर बंद, पंखा बंद, वायफाय बंद. फक्त रॅमच्या बादल्या भरणं चालू. इंजिनीअरिंगला असताना २०१५ साली मी एक जुना सेकंडहँड लॅपटॉप घेतला होता. शुक्रवारी संध्याकाळी झाकण मिटून गावी गेलो आणि सोमवारी होस्टेलवर येऊन उघडला तरी बॅटरी जेमतेम काही टक्के उतरलेली असायची. तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. चांगल्या गोष्टींचं असंच असतं.

*

पण एसीपीआयची कथाही वाटते तितकी सरळ नाही. ते तक्ते म्हणजे नुसते तक्ते नव्हते, त्यात छोटे प्रोग्राम होते, आणि ते लिहिणार लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या. आणि कंपन्या तपासायच्या कशावर? विंडोजवर. विंडोजवर चाललं की झालं काम.

२४ जानेवारी १९९९ ला बिल गेट्स यांनी आपल्या लोकांना एक मेल पाठवला होता. (रविवार होता. वीकएंडला मेल टाकणारे साहेब फक्त आपल्याच नशिबी नाहीत.) मतितार्थ असा, की आपण आणि आपल्या भागीदारांनी मेहनत करायची आणि लिनक्सला ते फुकटात चालायचं हे बरोबर नाही, तर हे एसीपीआयचे विस्तार कसेतरी विंडोजपुरतेच ठेवता येतील का? अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका खटल्यात हा मेल पुरावा म्हणून बाहेर आला. मानक प्रत्यक्षात खुलंच राहिलं. पण विंडोजवरच तपासलेल्या फर्मवेअरमुळे लिनक्सवाल्यांची झोप (दोन्ही अर्थांनी) कित्येक वर्षं उडाली. शेवटी त्यांनी अस्सल देशी वाटावा असा जुगाड केला. फर्मवेअर विचारतं, "तू कोण?" लिनक्स आजही बेधडक सांगतं, "मी विंडोज!" खरं नाव सांगितलं तर न तपासलेल्या वाटेने जावं लागतं.

विंडोजवाल्यांचंही सगळं आलबेल नव्हतं. एक्सपीमध्ये (२००१) झोपायच्या आधी विंडोज सगळ्या प्रोग्रामना आणि ड्रायव्हर्सना विचारायची, "झोपू का?" एकानेही 'नको' म्हटलं की झोप रद्द. तुम्ही झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकलेला, आणि तो आत कुठल्यातरी प्रोग्रामच्या हट्टापायी टक्क जागा! बॅग गरम, बॅटरी संपलेली. २००७ मध्ये लोकांच्या हातात आलेल्या व्हिस्टाने हा नकाराधिकार काढून घेतला. व्हिस्टाला आपण भरपूर नावं ठेवली, पण हे काम तिने चांगलं केलं होतं.

म्हणजे बघा, २००७ पर्यंत चित्र साधारण पूर्ण झालं होतं. झोप म्हणजे एस-३, निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमचा, आणि मधे कोणी लुडबुड करायची नाही.

आणि नेमक्या त्याच वर्षी आयफोन आला.

*

फोन कधी 'झोपेतून उठत' नाही. बटण दाबलं की समोर हजर, मेलही आलेले. मग २०१० मध्ये आयपॅड आला आणि लॅपटॉप एकदम म्हातारा दिसायला लागला. एस-३ मधून उठायचं म्हणजे फर्मवेअर जागं होणार, मग विंडोज, मग एकेक डिव्हाइस, मग वायफाय जोडलं जाणार. दोन-चार सेकंदच, पण टॅबलेटशेजारी ठेवलं की ती डोळ्यांत भरायची.

ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर 'कनेक्टेड स्टँडबाय' आला. (अ‍ॅपलनेही त्याच वर्षी मॅकवर 'पॉवर नॅप' आणला होता, झोपेत मेल वगैरे तपासायला.) २०१५ मध्ये विंडोज १० ने त्याचा विस्तार करून 'मॉडर्न स्टँडबाय' असं नाव दिलं. आतली मेख अशी की यात मशीन एस-३ मध्ये जातच नाही. ते एस-० मध्येच राहतं. हो, एस-०, म्हणजे 'जागा'! स्क्रीन विझते, प्रोग्राम गोठवले जातात, आणि मग प्रत्येक भागाने आपापलं शांत व्हावं अशी अपेक्षा असते. सगळे शांत झाले तर चिप अतिशय खोल विश्रांतीत जाते आणि एस-३ सारखीच नगण्य वीज लागते. आमच्या चांगल्या रात्रीचे ०.१७ वॅट आठवा. म्हणजे कल्पना वाईट नाही, जमते तेव्हा झकास जमते.

पण जुन्या वाड्यात कसं असायचं, एक जण जागा असला की माजघरातला दिवा चालू. इथे तसंच आहे. एक वायफाय ड्रायव्हर जरी कुजबुजत राहिला तरी अख्खी चिप खोल विश्रांतीत जात नाही. एस-३ मध्ये झोप हा हुकूम होता. नव्या पद्धतीत ती विनंती झाली. आणि एकाने ऐकलं नाही तर जबाबदार कोण? चिपवाला ड्रायव्हरवाल्याकडे बोट दाखवणार, ड्रायव्हरवाला लॅपटॉपवाल्याकडे, लॅपटॉपवाला विंडोजकडे. १९९० मध्ये मालक बायॉस होता, १९९६ नंतर ऑपरेटिंग सिस्टिम. आता सगळेच मालक आहेत, म्हणजे कोणीच नाही.

बरं, नको असेल तर परत एस-३ वर जावं म्हणाल, तर २०२० च्या आसपासपासून बऱ्याच नव्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमधून एस-३ काढूनच टाकलेला आहे. २०१८ मध्ये थिंकपॅड एक्स-१ कार्बनच्या सहाव्या पिढीत तो नव्हता. लोकांनी ओरड केल्यावर त्याच वर्षी लेनोव्होने बायॉस अपडेटमधून तो परत दिला. त्या पर्यायाला नाव काय दिलं असेल? झोपेचे दोन प्रकार, एक 'विंडोज' आणि एक 'लिनक्स'. जुनी, निवांत, विश्वासाची झोप हवी असेल तर 'लिनक्स' निवडा! १९९९ चा तो रविवारचा मेल वाचल्यावर हे कळलं तेव्हा मी एकटाच खूप हसलो.

मला यात सगळ्यात खटकलं ते वेगळंच. एवढा मोठा बदल झाला, पण स्टार्ट मेनूतला शब्द तोच राहिला: 'स्लीप'. चिन्हही तेच, चंद्रकोर. बाबांसारख्या माणसाने झाकण मिटताना तोच जुना करार गृहीत धरला, की मी मिटलं म्हणजे तू झोपलास. कराराची कलमं बदलली होती आणि कोणी त्यांची सही घेतली नव्हती. आणि त्यांच्या घरातला एकुलता एक कॉम्प्युटर इंजिनीअर म्हणाला, बॅटरी बदला.

*

तर आता साताऱ्याच्या टेबलावर परत येऊ. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि 'पॉवरसीएफजी' ही कमांड चालवली. तिच्यापुढे स्लॅश देऊन 'ए' लिहिलं की तुमच्या मशीनला कुठल्या झोपा येतात ते कळतं. बाबांच्या लॅपटॉपला एस-३ नव्हताच, फक्त 'एस-० लो पॉवर आयडल' आणि हायबरनेट. मग स्लॅश देऊन 'स्लीपस्टडी'. यातून एक अहवाल तयार होतो, प्रत्येक झोपेत किती वेळ खोल विश्रांती मिळाली आणि ती मोडणारा मुख्य गुन्हेगार कोण, नावानिशी.

गुन्हेगार वायफाय कार्ड. जवळजवळ रात्रभर जागं. आणि लाईट गेलेल्या रात्रींचं कोडंही सुटलं: लाईट गेली की राउटर बंद, राउटर बंद की वायफायला गप्पा मारायला कोणी नाही, आणि मग लॅपटॉपला शांत झोप! वहीतल्या त्या एका रकान्यात उत्तर लिहिलेलं होतं. अहवालाने त्यावर फक्त शिक्का मारला.

मी भराभर दोन-तीन सेटिंग एकदम बदलायला निघालो, तर बाबांनी हात धरला. "एका वेळी एकच फ्यूज काढायचा. नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार कसं?" बरोबर होतं. आधी फक्त वायफायचा ड्रायव्हर नवा टाकला (जुना मशीन घेतल्या दिवसापासूनचा होता). तीन रात्री रीडिंग: पाच, सहा, चार टक्के. मग पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन झाकण मिटल्यावर 'स्लीप' ऐवजी 'हायबरनेट' केलं. रीडिंग: शून्य, एक, शून्य. सकाळी उघडायला वीसेक सेकंद लागतात. बाबा म्हणतात, तेवढ्या वेळात मी चष्मा शोधतो.

तुमचंही मशीन रात्रीत उतरत असेल तर एवढंच सांगेन. खर्चाआधी मोजमाप करा. चार-पाच रात्रींचे आकडे लिहून काढा. रोज सारखं उतरत असेल तर बॅटरीचा संशय घ्यायला जागा आहे. कधी कमी, कधी जास्त असेल तर आत कोणीतरी जागं आहे, आणि ते कोण हे शोधता येतं. बॅगेत टाकून प्रवासाला निघताना तर डोळे झाकून हायबरनेट करा.

जुनी बॅटरी बाबांनी टाकलेली नव्हती. कपाटात, कागदात गुंडाळून, वर तारीख घालून ठेवली होती. वीज मंडळाची सवय, काढलेला पार्ट लगेच फेकायचा नाही. नवी काढून ती बसवून बघितली. रात्रीत पाच टक्के गेले, तेही झोपेत. म्हणजे बिचारीचा काही दोष नव्हता.

"बाबा, पाच हजार दोनशे माझ्याकडून घ्या," मी म्हटलं.

"राहू दे," ते वहीत रीडिंग लिहीत म्हणाले. "पुढच्या वेळी फोनवर आधी रीडिंग विचार म्हणजे झालं."

शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं ते मी नंतर हळूच पाहिलं. 'चिरंजीव आले होते. फॉल्ट सापडला.' कोणाचा, ते लिहिलं नव्हतं :-)